विलंब सरकारचा, भुर्दंड जवानाला

सेनादलात असताना ज्याचे शरीर किंवा मन कायमचे अधू झाले, त्या जवानाला सरकार अपंगत्व निवृत्तिवेतन देते, ही गोष्ट सामान्यतः सर्वांस ठाऊक असते. ते त्याला वेळेवर मिळते काय, आणि वेळेवर न मिळाल्यास मधल्या वर्षांच्या रकमेचे काय होते, हा प्रश्न मात्र फारसा कोणी विचारीत नाही. वास्तविक या दुसऱ्या प्रश्नातच सारी मेख आहे. कारण आपल्याकडे असे शेकडो जवान आहेत की ज्यांचा हक्क शेवटी मान्य झाला, परंतु तो मान्य होईपर्यंत दहा, पंधरा, वीस वर्षे उलटून गेली. आणि त्या वर्षांची थकबाकी मागावयास गेल्यावर त्यांना सांगण्यात आले की, तुम्ही उशिरा आलात, आता मागील तीन वर्षांचेच काय ते मिळेल. हक्क नाकारला सरकारने आणि उशिराचा दंड भरला जवानाने, असा हा उफराटा न्याय आहे. तो बदलणे सरकारच्या हाती आहे आणि त्यासाठी नवा कायदा करण्याचीही आवश्यकता नाही, हे या लेखात मांडावयाचे आहे.

नियमाचा हेतू

प्रथम मूळ नियम काय होता ते पाहू. सेनादलाच्या १९६१ च्या निवृत्तिवेतन विनियमांनुसार, जे अपंगत्व लष्करी सेवेमुळे उद्भवले किंवा सेवेमुळे बळावले आणि ज्याचे प्रमाण २० टक्के वा त्याहून अधिक ठरले, त्या अपंगत्वापायी सेवेतून मुक्त करण्यात आलेल्या जवानास अपंगत्व निवृत्तिवेतन द्यावयाचे असते. याचे दोन घटक आहेत. एक सेवेचा आणि दुसरा अपंगत्वाचा. साध्या जवानाला सेवा निवृत्तिवेतन मिळण्यास १५ वर्षांची सेवा लागते. आठ-नऊ वर्षांतच आजाराने घरी पाठविलेल्या जवानाच्या पदरात त्यामुळे एरवी काहीच पडत नाही. अपंगत्व निवृत्तिवेतन मान्य झाले तर मात्र सेवेचा काळ अपुरा असूनही त्याला दोन्ही घटक मिळतात. म्हणजे ‘हे अपंगत्व सेवेमुळे आले की नाही’ या एका प्रश्नाच्या उत्तरावर त्या माणसाचे उर्वरित आयुष्य अवलंबून असते. एका बाजूस जन्मभराचे उत्पन्न आणि दुसऱ्या बाजूस शून्य, अशी ही विभागणी आहे.

एवढे मोठे परिणाम असलेला हा प्रश्न कसा सोडवावा, याविषयी १९८२ चे पात्रता नियम विलक्षण उदार होते. जवान भरती होताना त्याची कसून वैद्यकीय तपासणी होते. त्या वेळी ज्या दोषाची नोंद झालेली नाही, तो दोष त्याच्यात नव्हताच असे गृहीत धरावयाचे, आणि पुढे प्रकृती ढासळली तर ती सेवेमुळे ढासळली असे मानावयाचे, हे त्या नियमांचे पहिले सूत्र होते. आपला हक्क सिद्ध करण्याचा भार जवानावर टाकावयाचा नाही आणि वाजवी शंका असेल तेथे तिचा फायदा त्यालाच द्यावयाचा, हे दुसरे. ज्यांनी हे नियम लिहिले त्यांना सैनिकी जीवनाची जाण होती असे म्हटले पाहिजे. बर्फात, वाळवंटात, घरापासून हजारो मैल दूर, अपुऱ्या झोपेत आणि सततच्या ताणात राहिलेल्या माणसाचा आजार नेमका कोणत्या दिवशी, कोणत्या ठाण्यावर सुरू झाला हे तो बिचारा कोठून सिद्ध करणार?

परंतु नियम उदार असला तरी तो राबविणारे हात उदार असतीलच असे नाही. जवानाला निरोप देताना वैद्यकीय मंडळ त्याच्या कागदावर ‘शरीरप्रकृतीतून उद्भवलेला विकार, सेवेशी संबंध नाही’ असा शेरा मारी आणि तेथेच विषय संपे. त्या शेऱ्यास कारण द्यावे लागते, याचाही अनेकदा विसर पडे. कधी कधी तर मंडळाने अनुकूल मत दिल्यावरही हिशेबखात्यातील अधिकारी ते मत फिरवीत. ज्या रुग्णाला आपण पाहिलेले नाही त्याच्याविषयीचे वैद्यकीय मंडळाचे मत हिशेबखात्याने परस्पर डावलू नये, हे १९९३ साली सर्वोच्च न्यायालयाला सांगावे लागले. पुढे जुलै २०१३ मध्ये धरमवीर सिंग खटल्यात न्यायालयाने १९८२ च्या नियमांचा अर्थ सविस्तर उलगडून दाखविला. सिग्नल विभागातील हा जवान १९८५ साली भरती झाला आणि अपस्माराच्या विकारापायी २० टक्के अपंगत्व ठरवून १९९४ साली घरी पाठविण्यात आला. भरतीच्या वेळी त्याच्या कागदपत्रांत या विकाराची नोंद नव्हती आणि मंडळाने आपल्या प्रतिकूल मताची कारणे दिलेली नव्हती. तेव्हा नियमानुसार अनुमान त्याच्या बाजूनेच निघावयास हवे होते, असा निर्णय झाला. २०१४ च्या सुखविंदर सिंग निकालाने हेच सूत्र आणखी पुढे नेले.

या निकालांत न्यायालयाने नवा हक्क निर्माण केलेला नाही, ही गोष्ट ध्यानात घेतली पाहिजे. १९८२ पासून जे छापील नियमांत होते तेच २०१३ साली मोठ्याने वाचून दाखविण्यात आले. मग मधल्या तीस वर्षांत ज्यांचे अर्ज त्याच नियमांविरुद्ध फेटाळले गेले, त्यांचा हक्क कोणत्या तारखेपासूनचा मानावयाचा? सामान्य बुद्धीचे उत्तर असे की, ज्या दिवशी तो घरी आला त्या दिवसापासूनचा. सरकारी उत्तर मात्र वेगळे आहे.

तीन वर्षांची कात्री

ते उत्तर ज्या निकालाच्या आधारे दिले जाते तो तरसेम सिंग खटल्याचा निकाल ऑगस्ट २००८ मधील आहे. या खटल्यातील जवानाला नोव्हेंबर १९८३ मध्ये वैद्यकीय कारणावरून सेवामुक्त करण्यात आले होते. तो उच्च न्यायालयात गेला १९९९ साली. तेथे एकल न्यायमूर्तींनी त्याचा हक्क मान्य केला, पण थकबाकी अर्जापूर्वीच्या ३८ महिन्यांपुरती मर्यादित ठेवली. खंडपीठाने ही मर्यादा काढून टाकून, रक्कम ज्या दिवशी देय झाली त्या दिवसापासून ती सहा टक्के व्याजासह द्यावी असा आदेश दिला. त्याविरुद्ध केंद्र सरकार सर्वोच्च न्यायालयात गेले आणि खंडपीठाचा आदेश रद्द झाला. निवृत्तिवेतन नाकारणे हा दरमहा नव्याने घडणारा अन्याय असल्याने उशिरा आलेल्या जवानालाही दाद मिळेल, पण मागील थकबाकी सर्वसाधारणपणे तीन वर्षांपलीकडे देऊ नये, असे सूत्र त्या निकालातून निघाले.

या सूत्राचा पहिला भाग जवानाच्या हिताचा आहे, हे प्रामाणिकपणे मान्य केले पाहिजे. तो नसता तर उशिरा आलेल्या कित्येकांना दारातूनच परत जावे लागले असते. दुसऱ्या भागामागेही तर्क आहे. जुने दावे अनंत काळ जिवंत राहू नयेत म्हणून मुदतीचा कायदा असतो आणि सर्वसाधारण दिवाणी दाव्यांना तो तीन वर्षांची मुदत घालून देतो. जो आपल्या हक्कावर झोपून राहिला त्याला कायदा जागे करीत नाही, हे तत्त्व जुनेच आहे. दोन व्यापाऱ्यांमधील देण्याघेण्याला ते शोभून दिसते. दोघांकडे वह्या असतात, दोघांना वकील परवडतो, दोघांना आपले येणे ठाऊक असते.

जवान आणि सरकार यांचा व्यवहार मात्र या जातीचा नाही. सातारा किंवा कोल्हापूर जिल्ह्यातील एखाद्या खेड्यातला जवान मराठा लाइट इन्फन्ट्रीत असेल तर त्याची कागदपत्रे बेळगावच्या रेकॉर्ड ऑफिसात. महार रेजिमेंटमध्ये असेल तर मध्य प्रदेशातील सागर येथे. निवृत्तिवेतनाचा हिशेब करणारे मुख्य कार्यालय प्रयागराजला. अपिलाचा निर्णय दिल्लीत. सशस्त्र दल न्यायाधिकरणाचे खंडपीठ मुंबईला. आणि हे न्यायाधिकरण तरी २००७ च्या कायद्यान्वये २००९ साली सुरू झालेले. त्यापूर्वी साध्या शिपायालाही उच्च न्यायालयाची पायरी चढावी लागे. वैद्यकीय मंडळाचा अहवाल इंग्रजीत, फेटाळल्याचे पत्र इंग्रजीत, आणि त्या पत्रात नियमाचा क्रमांक असला तरी नियमाचा मजकूर नाही. ‘तुझा आजार सेवेमुळे झालेला नाही’ असे ज्याला प्रत्यक्ष लष्करी डॉक्टरांनी सांगितले, त्याने ते खरे मानले तर तो आपल्या हक्कावर झोपून राहिला असे कसे म्हणता येईल? वरिष्ठांचा शब्द प्रमाण मानावा, हेच तर आपण त्याला पहिल्या दिवसापासून शिकविले होते.

याहूनही विपरीत गोष्ट कागदपत्रांची आहे. ज्याला निवृत्तिवेतन मिळत नाही त्याची सेवेची कागदपत्रे साधारणतः २५ वर्षे जपून नंतर नष्ट करण्यात येतात. म्हणजे एकदा चुकीने निवृत्तिवेतन नाकारले की तो माणूस ‘निवृत्तिवेतन नसलेल्यांच्या’ वर्गात जातो आणि त्या वर्गात गेल्यामुळेच कालांतराने त्याचा पुरावाही जाळला जातो. २००८ च्या पात्रता नियमांनी यावर कडी केली. दावा सेवामुक्तीनंतर १५ वर्षांनी आला आणि दरम्यान कागदपत्रे नष्ट झालेली असली, तर हक्क सिद्ध करण्याचा भार जवानावर राहील, असे त्या नियमांत घालण्यात आले. पुरावा ज्याच्या ताब्यात होता त्याने तो नष्ट करावयाचा आणि ज्याच्या ताब्यात तो कधीच नव्हता त्याने तो हजर करावयाचा, ही कोणत्या न्यायाची रीत झाली? १९८२ च्या नियमकर्त्यांनी जो भार जाणीवपूर्वक जवानाच्या खांद्यावरून उतरविला होता, तो अशा मागच्या दाराने पुन्हा त्याच्या खांद्यावर आला.

रुपयाचे किती पैसे?

आता थोडा हिशेब करून पाहू. समजा, एखाद्या जवानाचे निवृत्तिवेतन दरमहा १,००० रुपये ठरावयास हवे होते आणि ते १६ वर्षे मिळाले नाही. एकूण येणे १,९२,००० रुपये झाले. तीन वर्षांच्या मर्यादेत त्याच्या हाती ३६,००० रुपये पडतात. १,५६,००० रुपये बुडाले. म्हणजे रुपयातील ८१ पैसे गेले. पण हा हिशेबही अपुरा आहे, कारण १६ वर्षांपूर्वीचा रुपया आणि आजचा रुपया सारखा नव्हे. दर वर्षअखेरीस मिळणारे १२,००० रुपये त्याने ८ टक्के चक्रवाढ व्याजाने ठेवले असते, तर १६ वर्षांच्या शेवटी ती रक्कम सुमारे ३,६४,००० रुपये झाली असती. त्यातले ३६,००० मिळणे म्हणजे रुपयाला दहा पैसेही न मिळणे. उरलेले नव्वद पैसे त्याच्या संसाराने सोसले. मुलाचे अर्धवट राहिलेले शिक्षण, गहाण पडलेली जमीन, औषधासाठी सावकाराकडून काढलेले कर्ज, अशा रूपांनी त्याने ते चुकते केले. आणि सावकाराचा दर आठ टक्के नसतो हे खेड्यात राहणाऱ्या कोणालाही सांगावयास नको.

दुसऱ्या बाजूने पाहिले तर ही रक्कम सरकारने जवानाकडून घेतलेले कर्जच होते. फरक इतकाच की या कर्जाला व्याज नव्हते, परतफेडीची तारीख नव्हती, आणि परतफेड जितकी लांबेल तितके मुद्दलच माफ होत जात होते. अर्थशास्त्राचा एक साधा नियम आहे. ज्या व्यवस्थेत विलंबाने फायदा होतो त्या व्यवस्थेत विलंब वाढतच जातो. त्यासाठी कोणा अधिकाऱ्याच्या मनात दुष्टावा असावा लागत नाही. अर्ज फेटाळणाऱ्यास कोणी जाब विचारीत नाही, मान्य करणाऱ्यास मात्र लेखापरीक्षणाला तोंड द्यावे लागते. अपील केले तर फाइल आपल्या टेबलावरून पुढे जाते, न केल्यास जबाबदारी आपल्यावर येते. अशा स्थितीत हजारो प्रामाणिक कारकून आणि अधिकारी मिळून जो निर्णय घेतात तो जवानाच्या विरुद्धच जातो. तीन वर्षांच्या मर्यादेने या प्रवृत्तीला जणू बक्षीसच लावले आहे.

याउलट, सरकारला येणे असेल तेव्हा काय घडते? वर्षानुवर्षांपूर्वी चुकून जादा दिलेली रक्कम निवृत्तांकडून कापून घेण्यास सरकारी खाती मागेपुढे पाहत नसत. अखेर डिसेंबर २०१४ मध्ये, पंजाबातील कर्मचाऱ्यांच्या एका प्रकरणात, निवृत्तांकडून आणि पाच वर्षांहून अधिक काळ दिल्या गेलेल्या जादा रकमेबाबत अशी वसुली करू नये, असे सर्वोच्च न्यायालयाला बजावावे लागले. प्राप्तिकराचा परतावा उशिरा दिला तर सरकार करदात्याला व्याज देते. केंद्राच्या मुलकी कर्मचाऱ्याचे उपदान प्रशासकीय दिरंगाईने लांबले तर भविष्यनिर्वाह निधीच्या दराने व्याज देण्याची आणि दिरंगाईची जबाबदारी निश्चित करण्याची तरतूद निवृत्तिवेतन नियमांत आहे. म्हणजे विलंबाची किंमत विलंब करणाऱ्याने मोजावी हे तत्त्व सरकारला नवे नाही. ते अधू झालेल्या जवानापर्यंत पोहोचलेले नाही, एवढेच.

तारखांची कुंपणे

थकबाकीच्या प्रश्नाला आणखी एक पदर आहे. तो म्हणजे प्रत्येक सुधारणेला तारखेचे किंवा वर्गाचे कुंपण घालण्याची सरकारी सवय. पाचव्या वेतन आयोगानंतर, ३१ जानेवारी २००१ च्या पत्राने अपंगत्वाचे प्रमाण पूर्णांकित करण्याची चांगली पद्धत सुरू झाली. ५० टक्क्यांपेक्षा कमी अपंगत्व ५० टक्के मानावयाचे, त्यापुढचे ७५ आणि त्याहून पुढचे १००. त्यामुळे पडणारा फरक लहान नाही. १०० टक्के अपंगत्वाला शेवटच्या वेतनाच्या ३० टक्के हा दर धरला, तर २० टक्के अपंगत्वाला ६ टक्के आणि ते ५० टक्के मानल्यास १५ टक्के मिळतात. ३०,००० रुपये वेतनावर हा फरक १,८०० आणि ४,५०० रुपयांचा होतो. परंतु हा लाभ वैद्यकीय कारणावरून मुदतीपूर्वी घरी पाठविलेल्यांनाच दिला गेला. तेवढेच अपंगत्व घेऊन ज्याने आपली मुदत पुरी केली, त्याला तो नाकारण्यात आला. त्या भेदावर शेकडो प्रकरणे लढली गेली आणि १० डिसेंबर २०१४ रोजी राम अवतार खटल्यात सर्वोच्च न्यायालयाने तो भेद मोडीत काढला. अधू शरीराने नेटाने सेवा पुरी करणारा जवान हरला नव्हता, हे ठरावयास जवळजवळ चौदा वर्षे लागली. २०२० साली दहा वर्षांहून कमी सेवेनंतर कायमच्या विकलांगतेमुळे बाहेर पडणाऱ्यांनाही निवृत्तिवेतन देण्याचा स्तुत्य निर्णय झाला. तोही ४ जानेवारी २०१९ रोजी वा त्यानंतर सेवेत असणाऱ्यांपुरता. जानेवारीच्या तिसऱ्या तारखेपर्यंत घरी आलेल्याचे अपंगत्व काही निराळे होते काय?

आक्षेपांचा विचार

या मागणीवर तीन आक्षेप घेतले जातील आणि ते झटकून टाकण्यासारखे नाहीत. पहिला तिजोरीचा. सर्व जुनी थकबाकी व्याजासह द्यावयाची म्हणजे मोठा बोजा पडेल, हे खरे. परंतु हा बोजा आज निर्माण होत नसून तो ज्या त्या वर्षी उचलावयाचा राहिला होता. देणे फार साचले म्हणून ते बुडवावे, ही सबब कोणा खाजगी कर्जदाराकडून सरकारने ऐकून घेतली नसती. शिवाय आजही सरकार हा खर्च करीतच आहे. वकिलांच्या फी, अधिकाऱ्यांचे दौरे आणि न्यायालयांचा वेळ यांत तो होतो. २०१५ साली तत्कालीन संरक्षणमंत्री मनोहर पर्रीकर यांनी सेवा व निवृत्तिवेतनविषयक खटल्यांचा विचार करण्यासाठी एक तज्ज्ञ समिती नेमली होती. अपंग सैनिकांविरुद्ध अपिलांमागून अपिले करण्याच्या प्रवृत्तीवर त्या समितीने कडक शब्दांत टीका केली होती. तिचे म्हणणे पूर्णतः अमलात आले असते तर हा लेख लिहिण्याचे कारण उरले नसते.

दुसरा आक्षेप गैरफायद्याचा. जीवनशैलीतून येणाऱ्या विकारांवरही निवृत्तीच्या तोंडावर अपंगत्व मिळविले जाते, आणि अधिकाऱ्यांत हे प्रमाण जवानांपेक्षा बरेच अधिक आहे, अशी चर्चा अलीकडे झाली. सप्टेंबर २०२३ चे नवे पात्रता नियम या चर्चेच्या पार्श्वभूमीवर आले. खोट्या दाव्यांना आळा घालावा याविषयी दुमत नाही. परंतु या चर्चेतूनच एक निष्कर्ष निघतो. ज्याला नियम ठाऊक आहेत, वैद्यकीय मंडळाशी बोलता येते आणि कागद कसा करावा हे समजते, त्याला हा लाभ वेळेवर मिळतो. ज्याला हे जमत नाही तो वीस वर्षांनी न्यायाधिकरणाच्या दारात उभा असतो. थकबाकीची कात्री नेमकी या दुसऱ्याच्याच गळ्याला लागते. तेव्हा दाव्याची छाननी दावा मान्य करतानाच काटेकोर करावी. एकदा अपंगत्व सेवेमुळेच आले असे ठरले, की ते सेवेत असतानाच आले होते हे ओघाने ठरते. मग त्याचा मोबदला शेवटच्या तीन वर्षांपासून सुरू करणे तर्कालाही धरून नाही.

तिसरा आक्षेप अंतिमतेचा. जुनी प्रकरणे पुन्हा उकरून काढली तर प्रशासनाला दुसरे काम करता येणार नाही, असे म्हटले जाते. या बाबतीत अमेरिकेचे उदाहरण पाहण्यासारखे आहे. माजी सैनिकांच्या भरपाईबाबत तेथील कायदा ढिला मुळीच नाही. सामान्यतः अर्जाच्या तारखेमागचे काही मिळत नाही आणि सेवामुक्तीनंतर एका वर्षाच्या आत अर्ज केला तरच मागचा काळ धरला जातो. ही मुदत शिथिल करण्यास तेथील सर्वोच्च न्यायालयाने २०२३ साली नकार दिला. परंतु त्याच कायद्यात अशीही तरतूद आहे की, पूर्वीच्या निर्णयात स्पष्ट आणि निर्विवाद चूक आढळली तर सुधारलेला निर्णय मूळ निर्णयाच्याच तारखेपासून झाला असे मानावयाचे. उशिरा जागा झालेला अर्जदार आणि चूक करणारे सरकार यांच्यात त्या कायद्याने फरक केला आहे. व्हिएतनाम युद्धात फवारलेल्या ‘एजंट ऑरेंज’ या विषारी द्रव्याच्या प्रकरणात तर १९८६ साली दाखल झालेल्या दाव्यानंतर, १९९१ च्या तडजोडीने सरकारनेच नाकारलेले जुने अर्ज स्वतः होऊन पुन्हा तपासण्याचे आणि पहिल्या अर्जाच्या तारखेपासून भरपाई देण्याचे बंधन स्वीकारले. तेथील प्रशासन त्यामुळे कोसळले नाही. आपल्याकडे तीन वर्षांची मर्यादा हा भेदच करीत नाही. ज्याने कधी अर्जच केला नाही त्याला आणि ज्याचा अर्ज नियमाविरुद्ध फेटाळला गेला त्याला ती एकाच मापाने मोजते.

काय करावयास हवे?

२००८ नंतर ही मर्यादा अनेक प्रकरणांत लागू झाली, तर काही प्रकरणांत न्यायालयांनी ती शिथिल करून अधिक काळाची थकबाकी दिली. परिणामी एकाच तुकडीत, एकाच आजाराने घरी आलेल्या दोघांना दोन निरनिराळे न्याय मिळू शकतात. न्याय असा योगायोगावर सोडणे बरे नव्हे. आणि येथे एक मुद्दा स्पष्ट केला पाहिजे. न्यायालयाने तीन वर्षांची मर्यादा घातली ती न्यायालयांनी कितपत दाद द्यावी याविषयी. सरकारने स्वतः होऊन किती द्यावे यावर तिने कोणतेही बंधन घातलेले नाही. उद्या संरक्षण मंत्रालयाने ठरविले तर एका आदेशाने पूर्ण थकबाकी देता येईल.

त्या आदेशात चार गोष्टी असाव्यात. पहिली, ज्याचा दावा त्या वेळच्या नियमांविरुद्ध किंवा कारणे न देता फेटाळला गेला, त्याला सेवामुक्तीच्या तारखेपासून थकबाकी मिळावी. ज्याने कधी दावाच केला नव्हता त्याच्यापुरती हवी तर मर्यादा ठेवावी. दुसरी, या थकबाकीवर निदान भविष्यनिर्वाह निधीच्या दराने व्याज द्यावे. तिसरी, फेटाळलेल्या जुन्या प्रकरणांचा शोध रेकॉर्ड ऑफिसांनीच घ्यावा आणि जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयांमार्फत त्या त्या गावी, त्या त्या भाषेत पत्रे पाठवावीत. जवान हयात नसेल तर त्याच्या विधवेला आणि वारसांना. २०२१ पासून निवृत्तिवेतनाचे काम ‘स्पर्श’ या संगणकीय व्यवस्थेत येऊ लागले आहे. ज्यांना आज निवृत्तिवेतन मिळते त्यांची ती यादी आहे. ज्यांना मिळावयास हवे होते आणि मिळाले नाही त्यांची यादी कोणाकडेच नाही, ती प्रथम करावी. चौथी, वैद्यकीय कारणावरून बाहेर पडलेल्या कोणाचीही कागदपत्रे त्याच्या हयातीत नष्ट करू नयेत, आणि ज्यांची पूर्वी नष्ट झाली आहेत त्यांच्या बाबतीत शंकेचा फायदा जवानाला मिळावा.

यात दानधर्माचा प्रश्न येत नाही. ज्या दिवशी हा तरुण भरती झाला त्या दिवशी त्याने आपले शरीर सरकारच्या स्वाधीन केले आणि सरकारने ते नीट तपासून, निरोगी असल्याचा शेरा मारून ताब्यात घेतले. ते परत करताना त्यात जी खोट निघाली तिची भरपाई करण्याचे वचन त्या व्यवहारातच होते. पहिल्या महायुद्धात शेकड्याने माणसे पाठविणाऱ्या साताऱ्याच्या गावांत आजही प्रत्येक पिढीतील मुले भरतीच्या मैदानावर धावत असतात. आपल्या आधी गेलेल्यांचा हिशेब कसा चुकता झाला, हे ती घरात बसून पाहत असतात. ज्यांचे येणे आज दहा पैशांवर आले आहे त्यांच्यापैकी अनेकजण साठी-सत्तरी ओलांडलेले आहेत. आदेश काढावयाचा तर तो त्यांच्या हयातीत काढावा. पुढचा विलंब भरून काढणारी कोणतीही थकबाकी नंतर देता येणार नाही.